चावडीची बोली आणि लोकसभेचे सभागृह



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातून इंदुरास आलेल्या एका कुटुंबाचा मुलगा माझ्या वर्गात दाखल झाला. मी मराठी शिकवितो. एके दिवशी मी त्याला धड्याचा आशय स्वतःच्या शब्दांत सांगावयास सांगितले. तो उभा राहिला आणि आपल्या गावच्या बोलीत मोठ्या उत्साहाने सांगू लागला. ‘लई’, ‘व्हतं’, ‘तकडं’ असे शब्द ऐकताच वर्गात हशा पिकला. मीही शिक्षकाच्या सवयीने त्याचे तीन शब्द लागोपाठ सुधारले. चौथा शब्द सुधारण्याची वेळ आलीच नाही, कारण तो खाली बसला होता. त्यानंतर वर्षभर त्याने वर्गात आपण होऊन तोंड उघडले नाही.

पुढे पालकसभेस त्याचे आजोबा आले. बोलता बोलता ते अभिमानाने म्हणाले, “आम्ही क्रांतिसिंहांच्या मुलखातली माणसं. नाना पाटलांचं भाषण मी या कानांनी ऐकलंय.” त्या रात्री मला स्वस्थ झोप लागली नाही. ज्या बोलीला मी वर्गात हसू दिले, त्याच बोलीत बोलणाऱ्या एका पुरुषाने इंग्रजी सत्तेला चार वर्षे झोप येऊ दिली नव्हती, आणि तीच बोली जिभेवर घेऊन तो पुढे भारताच्या लोकसभेत जाऊन बसला होता. आजच्या भाषणात त्या पुरुषाच्या राजकीय जीवनाचा आणि त्याच्या भाषेचा थोडा विचार करावयाचा आहे.

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी त्यांच्या आजोळी, बहेबोरगाव येथे झाला. त्यांचे गाव येडेमच्छिंद्र. हा सारा भाग तेव्हा जुन्या सातारा जिल्ह्यात मोडत असे; आज तो सांगली जिल्ह्यात आहे. घराणे शेतकऱ्याचे, शिक्षण बेताचे, शरीरयष्टी पैलवानाची. शिक्षणानंतर नानांनी तलाठ्याची नोकरी धरली. आपल्या माळव्यात ज्याला पटवारी म्हणतात, तोच दख्खनेतील तलाठी.

या नोकरीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण पुढच्या सर्व कार्याचे मूळ मला येथे दिसते. तलाठी हा दोन भाषांच्या सीमेवर उभा असलेला मनुष्य असतो. एका बाजूस सरकारी दप्तर : खाते, आकार, सारा, बोजा, तारण, फेरफार. दुसऱ्या बाजूस शेताच्या बांधावर उभा असलेला कुणबी. त्याला आपल्या जमिनीचा प्रत्येक दगड ठाऊक असतो, पण त्याच जमिनीविषयी कागदावर काय लिहिले आहे ते ठाऊक नसते. सावकाराची सारी ताकद या दोन भाषांमधल्या अंतरात साठलेली असे. कर्ज किती घेतले हे ऋणको तोंडी सांगे; किती घेतले गेले हे कागद सांगे; आणि कचेरीत कागद जिंकत असे. ज्याने हे दप्तर रोज हाताळले आणि त्याच वेळी ज्याची जीभ बांधावरचीच राहिली, त्या माणसाला हे अंतर किती महाग पडते ते कळून चुकले असले पाहिजे.

१९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि नानांनी नोकरीचा राजीनामा देऊन तिच्यात उडी घेतली. त्यानंतरच्या बारा वर्षांत त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. तथापि त्यांच्या मनाची घडण केवळ काँग्रेसच्या चळवळीने झाली नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यास स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार सातारा जिल्ह्याच्या खेड्यांत खोलवर रुजला होता. या समाजाने आपले म्हणणे लोकांपुढे नेण्यासाठी जलसे उभे केले. तमाशाचा बाज, गावरान संवाद, ढोलकी आणि डफ. आणि त्यातून भटशाही, सावकारी व अंधश्रद्धा यांवर प्रहार. फुल्यांनी स्वतः ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याच्या घरातील भांड्याकुंड्यांपर्यंत लेखणी नेली होती. म्हणजे नाना बोलावयास उभे राहिले, तेव्हा गावाच्या भाषेत मोठा विचार मांडता येतो हे त्या मुलखाने आधीच पाहिलेले होते. नानांनी ही परंपरा राजकीय सभेच्या व्यासपीठावर आणली.

त्यांची भाषणे ऐकलेल्यांनी त्यांच्या रांगड्या, विनोदाने भरलेल्या शैलीचे वर्णन करून ठेवले आहे. सभा तासन् तास चाले आणि माणसे जागची हलत नसत. याचे रहस्य केवळ खड्या आवाजात नव्हते. एक साधे उदाहरण मी माझ्याच मनाने घेतो. ‘परकीय सत्तेकडून होणारे आर्थिक शोषण’ हे पाच शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. पण खळ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्यांतून काहीच उभे राहत नाही. त्याऐवजी ‘पेरायचं तू, राखायचं तू, आणि रास घरी न्यायची दुसऱ्यानं’ असे म्हटले की शोषण म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पहिल्या वाक्यात ऐकणारा विद्यार्थी होतो. दुसऱ्या वाक्यात तो साक्षीदार होतो. आपल्या अनुभवाची साक्ष देण्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ग्रामीण वक्त्याच्या बोलीचे सामर्थ्य याच ठिकाणी आहे. ती विचार सोपा करते असे नव्हे, तर तो विचार ऐकणाऱ्याच्या मालकीचा करते.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला. सातारा जिल्ह्यात प्रथम निःशस्त्र मोर्चे निघाले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथे परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. घार्गे आणि त्यांचे सोबती धारातीर्थी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर येथेही गोळ्या चालल्या. यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि चळवळीने निराळे वळण घेतले. १९४३ सालापासून जुन्या सातारा जिल्ह्याच्या बऱ्याच मोठ्या भागात, सुमारे दीडशे गावांत, इंग्रज सरकारला समांतर असा लोकांचा कारभार सुरू झाला. नाना त्याचे सर्वमान्य नेते आणि प्रतीक होते. प्रत्यक्ष संघटनेचा भार जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर यांसारख्या अनेक कर्त्या माणसांनी वाहिला. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वेतून नेली जाणारी पगाराची रक्कम आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याचा सरकारी खजिना ताब्यात घेण्यात आला, ते याच चळवळीसाठी.

या कारभाराचे शिष्टसंमत नाव ‘प्रतिसरकार’. गावकऱ्यांच्या तोंडी ते ‘पत्री सरकार’ झाले. गुन्हेगाराच्या पायांना पत्री ठोकतात, म्हणजे बैलाच्या खुरांना नाल मारावी तसे तळव्यांवर फटके मारतात, असा त्या शब्दाचा अर्थ लोकांनी लावला. संस्कृत उपसर्ग खेड्यात पोहोचला आणि तेथे त्याला शेतातला अर्थ फुटला. पंडित याला अपभ्रंश म्हणतील. मला वाटते, सरकार आपले झाले हे कळताच लोकांनी त्याचे नावही आपलेसे करून घेतले.

प्रतिसरकारचे खरे काम बंदुकीपेक्षा चावडीवर अधिक चाले. गावोगाव पंच नेमले गेले, न्यायदान मंडळे बसली. गहाण जमिनी, बांधाची भांडणे, सावकारी कर्जे, टाकलेल्या बायका, चोऱ्यामाऱ्या, अशा तक्रारींचे निवाडे तेथे होत. दारूचे गुत्ते बंद करण्यात आले. हुंडा आणि मानपान यांना फाटा देऊन थोड्या खर्चात लग्ने लावण्यात आली; त्यांना ‘गांधी विवाह’ म्हणत. तुफान सेना रक्षणाचे काम पाही. या साऱ्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. त्या न्यायासनापुढे वादी, प्रतिवादी, साक्षीदार आणि पंच हे सारे एकाच भाषेत बोलत होते. वकिलाने इंग्रजीत काय सांगितले हे अशिलाला विचारावे लागत नव्हते. निकाल ज्याच्या विरुद्ध गेला, त्यालाही तो कळत होता.

तथापि सत्याचा अपलाप करून चालणार नाही. तत्काळ न्याय म्हणजे तत्काळ शिक्षाही. तळव्यांवर बसणारे फटके क्रूर होते. भूमिगत न्यायासनाच्या निकालावर अपील करावयास दुसरे आसन नव्हते. त्या काळातही या शिक्षांवर टीका झाली आणि ती निराधार होती असे म्हणता येणार नाही. लोकांच्या भाषेत चाललेला कारभार तेवढ्यानेच निर्दोष ठरत नाही. मात्र त्यातील दोष लोकांना दिसतो, त्यावर बोलता येते, हा फरक लहान नाही.

या काळात नानांच्या पकडीसाठी सरकारने इनाम लावले, त्यांचे घरदार जप्त केले. त्यांच्या मातोश्रींचे निधन ते भूमिगत असतानाच झाले आणि पकडले जाण्याचा धोका पत्करून त्यांनी तिला अखेरचा निरोप दिला. त्यांची कन्या हौसाताई हिनेही भूमिगतांच्या कार्यात जोखमीची कामे केली. २०२१ साली त्यांचे निधन झाले. नाना मात्र अखेरपर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. एवढा धिप्पाड, एवढा ओळखीचा माणूस चार वर्षे सापडत नाही, याचा अर्थ एकच : शेकडो घरांना त्याचा ठावठिकाणा ठाऊक होता आणि त्यांतले कोणीच बोलले नाही. मोठमोठ्या सभांना बोलके करणाऱ्या माणसासाठी एक सबंध मुलूख मुका राहिला.

१९४६ साली नाना प्रकट झाले. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसमध्ये त्यांचे मन रमले नाही. शेतकऱ्याचे राज्य आले असे त्यांना वाटेना. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींच्या शेतकरी कामगार पक्षात ते काही काळ होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज पुन्हा गावोगाव घुमला. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत समितीच्या लाटेत सातारा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. तलाठ्याच्या दप्तरापासून सुरू झालेला प्रवास देशाच्या सर्वोच्च सभागृहात येऊन पोहोचला.

येथे एक विलक्षण प्रसंग उभा राहतो. लोकसभेत मराठीतून भाषण करणारे पहिले सदस्य म्हणून नानांचा उल्लेख केला जातो. आज आपण हे अभिमानाने सांगतो. परंतु त्या बोलण्यामागचा नियम काय होता? संविधानाच्या १२० व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेचे कामकाज हिंदी किंवा इंग्रजी भाषेत चालते. ज्या सदस्याला या दोहोंपैकी कोणत्याही भाषेत आपले म्हणणे पुरेसे मांडता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलण्याची अनुज्ञा सभागृहाचे अध्यक्ष देऊ शकतात. तेव्हा अनंतशयनम् अय्यंगार हे अध्यक्ष होते. नियम उदार आहे यात शंका नाही. घटनाकारांनी दार बंद केले नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या दारावरची पाटी वाचा. मातृभाषा तेथे येते ती हक्काची म्हणून नव्हे, असमर्थतेची सवलत म्हणून! ज्याच्या शब्दासरशी दीडशे गावे हलली, त्या वक्त्याला सभागृहात शिरताना ‘मला पुरेसे बोलता येत नाही’ या सदरात बसावे लागते.

दुसरी अडचण कानांची होती. लोकसभेत एका भाषेतील भाषण दुसऱ्या भाषेत त्याच क्षणी ऐकविण्याची सोय १९६४ साली सुरू झाली, आणि तीही प्रथम हिंदी व इंग्रजी यांपुरतीच. १९५७ साली कोणी मराठीत बोलला, तर मद्रास किंवा बंगालच्या सदस्यास त्यातून केवळ स्वर ऐकू येणार. त्याच सभागृहात राजापूरहून निवडून आलेले बॅरिस्टर नाथ पै होते. त्यांच्या इंग्रजी वक्तृत्वाने सारे सभागृह तल्लीन होत असे. दोघेही मराठी, दोघेही देशभक्त, दोघेही असामान्य वक्ते. एकाचे शब्द बाकाबाकांवर पोहोचत, दुसऱ्याचे पुष्कळसे वाटेतच थांबत. यात नाथ पैंचा दोष नाही, नानांचाही नाही. पण देशाने आपल्या सभागृहाचे कान कोणत्या भाषांसाठी घडविले होते, हे त्यातून दिसते.

ही अडचण एकट्या आपल्या देशाची नाही. आयर्लंडचा इतिहास पाहा. २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिन येथे आयरिश प्रतिनिधींची पहिली सभा भरली, तेव्हा तिचे कामकाज बहुतांशी आयरिश, म्हणजे गेलिक भाषेत झाले. जमलेल्यांपैकी अनेकांना ती भाषा नीट येत नसतानाही त्यांनी तिचा मान राखला. १९३७ च्या संविधानाने तिला पहिल्या राजभाषेचे स्थान दिले. परंतु ती घरात बोलणारी वस्ती मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरील गरीब खेड्यांत उरली होती, आणि राजधानीचा रोजचा व्यवहार इंग्रजीत चालत राहिला. त्या किनाऱ्यावरून निवडून येणाऱ्या प्रतिनिधीला दोन जिभा बाळगाव्या लागतात : मतदाराच्या अंगणात गेलिक, सभागृहात बहुधा इंग्रजी. तेथे भाषेला सिंहासन मिळाले, पण बाकांवर ऐकणारे थोडे. आपल्याकडे मराठी ऐकणारे कोट्यवधी होते, पण दिल्लीच्या सभागृहात तिच्यासाठी पाटही मांडलेला नव्हता. दोन्ही ठिकाणी खेड्यातून आलेल्या प्रतिनिधीपुढे पर्याय तेच : ऐकू जाण्यासाठी स्वतःची भाषा मागे ठेवावी, किंवा स्वतःची भाषा राखून थोड्यांनाच ऐकू जावे.

नानांनी दुसरा पर्याय निवडला. यात त्यांचे नुकसान झाले नसेल असे मी म्हणणार नाही. संसदीय कामकाजात ज्याला वजन म्हणतात, ते पुष्कळदा भाषेच्या सराईतपणातून येते. पण नानांचे खरे श्रोते त्या गोल वास्तूच्या आत नव्हतेच. आपण निवडून दिलेला माणूस दिल्लीला जाऊनही आपल्यासारखाच बोलतो, ही बातमी चावडीवर पोहोचली, तेव्हा दिल्ली थोडी जवळ आली असेल.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ साली साताऱ्याची जागा काँग्रेसकडे गेली, आणि तेथून निवडून आले ते प्रतिसरकारातील जुने सहकारी किसन वीर! १९६७ साली नाना पुन्हा लोकसभेत गेले, पण साताऱ्यातून नव्हे, तर मराठवाड्यातील बीड येथून. बीड हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातला मुलूख. तेथील मराठीची चाल कृष्णाकाठच्या मराठीहून वेगळी. बोलीत बोलणारा माणूस आपल्या पंचक्रोशीबाहेर टिकत नाही असे समजणाऱ्यांनी ही निवडणूक ध्यानात ठेवावी. उच्चार बदलले तरी कष्टाची भाषा ओळखू येते. ६ डिसेंबर १९७६ रोजी नानांचे निधन झाले आणि वाळव्याच्या मातीत त्यांना निरोप देण्यात आला.

आज लोकसभेत मराठीसह अनेक भारतीय भाषांतील भाषणे सर्वांना त्याच क्षणी आपापल्या भाषेत ऐकता येतात. नानांच्या वेळची कानांची अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. उरली आहे ती मनाची. आपण इंदूरकर मराठी माणसे तर या बाबतीत दुहेरी अनुभवाची. पुण्याचा पाहुणा आपल्या हिंदीमिश्रित मराठीला हसला की आपणांस राग येतो. पण त्याच दिवशी मंडईत मालवी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपण ‘गावंढळ’ म्हणून मोकळे होतो. याच इंदूर आकाशवाणीवरून नंदाजी-भेराजी मालवीत बोलू लागले, तेव्हा माळव्यातील शेतकरी रेडिओभोवती गोळा होत असे, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. बी-बियाणाची माहिती तीच, पण ती आपल्या माणसाने आपल्या घरात येऊन सांगितल्यासारखी वाटे.

मी स्वतः वसईकडचा. आमच्या घरी सामवेदी बोली बोलली जाई. शाळेत गेल्यावर मी ती दप्तराबाहेर ठेवण्यास शिकलो, आणि पुढे शिक्षक झाल्यावर दुसऱ्यांच्या मुलांनाही तेच शिकवू लागलो. प्रमाण मराठी शिकविणे हे माझे कर्तव्य आहे आणि मी ते सोडणार नाही. तलाठ्याचा कागद वाचता आला पाहिजे. कायद्याची भाषा कळली पाहिजे. नानांनाही ती कळत होती, म्हणून तर ते सावकाराला पुरून उरले. पण शुद्ध बोलावयास शिकविणे आणि बोलण्याची लाज वाटावयास लावणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या नावाखाली मी दुसरी करून बसलो होतो.

तो मुलगा वर्षअखेरीस कुटुंबाबरोबर गावी परत गेला. त्याच्यापुढे माझी चूक कबूल करण्याची संधी मला मिळाली नाही. मात्र तेव्हापासून वर्गात मी एक नियम पाळतो. कोणी मूल आपल्या घरच्या बोलीत सांगू लागले, तर प्रथम त्याला सांगणे पुरे करू द्यावयाचे. वर्गाने शांतपणे ऐकावयाचे. आणि शब्दांची दुरुस्ती करावयाची असेल तर ती नंतर. फळ्यावर मी त्याचा शब्दही लिहितो आणि पुस्तकातला शब्दही, दोन्ही एकाच ओळीत, शेजारी शेजारी.